ताईंचा रविवार

आमच्याकडे कुणी अंथरुणाला खिळलं, की पावणेमंडळी बघायला येतात. रिकाम्या हाताने कुणी येत नाही, हे मान्य. शहाळी येतात, बिस्किटांचे पुडे येतात, कुणाच्या तरी शेतातली केळी येतात. मग खुर्चीत बसून, पेशंटला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, "लई वाळल्यात की हो!" असं म्हणायचं आणि चहाची वाट बघायची. आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, तेव्हापासून माझ्या घरी रविवारी हाच कार्यक्रम असतो.

मी लग्न केलं नाही. त्यामुळे आई माझ्याच वाट्याला येणार, असं सगळ्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं होतं. धाकटा भाऊ पुण्यात असतो. तो रोज व्हिडिओ कॉल करतो आणि आईला विचारतो, "आई, जेवलीस का?" आई बघत राहते. मग मी सांगते, जेवली. मी इथे कोल्हापुरात एका पतसंस्थेत काम करते, सकाळी जाते ती संध्याकाळीच येते. आईला सांभाळायला माणूस हवं होतं. दवाखान्यातल्या एका सिस्टरच्या ओळखीने मलकापूरच्या पलीकडच्या गावातल्या एक बाई मिळाल्या. त्या आमच्याकडेच राहायच्या.

आपल्याकडे अशा कामाच्या बाईला सरसकट 'मावशी' म्हणतात. सत्तरीचे आमचे मामासुद्धा त्यांना मावशी म्हणू लागले. त्या माझ्यापेक्षा वयाने लहान! मी पहिल्या दिवसापासून ताई म्हणायला लागले आणि भाऊ मला अक्का म्हणतो म्हणून त्या मला अक्का म्हणायला लागल्या. यावरही आमची काकू हसली होती.

पहिल्या दिवशी ताईंनी आईला बघितलं, एअर बेड बघितला, न्हाणीघर बघितलं आणि मला एकच गोष्ट सांगितली.

"अक्का, बाकी कायबी सांगा, करतो. पर मला रविवार लागंल. शनिवारी सांजच्याला जाणार, सोमवारी सकाळच्या गाडीनं येणार."

मी हो म्हटलं. हो म्हणण्यात मी काही मोठेपणा केला नाही. मलासुद्धा पतसंस्थेत रविवार मिळतो, आणि तो घेताना मला कुणी 'बिचारी' किंवा 'आगाऊ' म्हणत नाही. पण ही साधी गोष्ट आमच्या नातेवाईकांच्या पचनी पडली नाही ती नाहीच. रविवारी येऊन ते इकडेतिकडे बघत. "मावशी कुठायत?" मी म्हणे, सुट्टीवर. "सुट्टी? आजारी माणसाला सुट्टी असती व्हय?" काकू म्हणायची. मग मी चहा टाकायला जायची आणि मागे तिचा आवाज यायचा, "लई लाडावून ठेवलंय हिनं." मधल्या वारी, ताई असताना आली, तर काकू सरळ त्यांनाच चहा टाकायला सांगायची. आईला भरवताना हातातली वाटी खाली ठेवून ताई उठायच्या. दोनदा मी ते बघितलं आणि तिसऱ्यांदा काकूला सांगितलं, की त्या आईसाठी आहेत, तुझ्या चहासाठी नाहीत, आणि गॅस तिकडे आहे. काकू महिनाभर आली नाही. तेवढा महिना बरा गेला.

मग आईची पंच्याहत्तरी आली आणि भावाच्या अंगात आलं. आईचा अमृतमहोत्सव करायचा. हॉल घ्यायचा, जेवण घालायचं, पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं. मी म्हटलं, आईला माणसांची गर्दी सोसत नाही, घरातल्या घरात करू. तो म्हणाला, "अक्का, तू नको टेन्शन घेऊ, मी सगळं बघतो." सगळं बघणं म्हणजे काय, ते चौकात कळलं. आईचा डिजिटल बोर्ड लागला होता. झटका यायच्या आधीचा, कुणाच्या तरी लग्नातला फोटो, आई हसतेय, आणि खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या चुलत-मावस भावंडांचे चेहरे. त्या चेहऱ्यांपैकी एकानेही कधी आईची कूस बदललेली नाही.

तारीख ठरली रविवारची. ताईंच्या गावची जत्रा त्याच रविवारी होती. जत्रा म्हणजे आमच्या भागात साधी गोष्ट नव्हे. बकरं पडतं, घराघरांत पावणे जेवायला येतात आणि लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात. ताईंच्या लेकीचं लग्न झाल्यावरची ही पहिली जत्रा. लेक इचलकरंजीला दिलेली, जावई यंत्रमागावर. लग्नानंतर ती अजून एकदाही माहेरी राहायला आली नव्हती, कारण जावयाला शिफ्ट बदलून मिळायची नाही. या वेळी त्याने एकाशी शिफ्ट बदलून घेतली होती. ताई आदल्या आठवड्यात सारखं तेच बोलत होत्या. आईच्या पायाला तेल चोळता चोळता आईलाच सांगायच्या, "आजी, माझी पोरगी येणार हाय. जावयबी येणार हाय. मटणाचा मसाला म्या आधीच कुटून ठेवलाय." आईच्या डोळ्यांत काहीतरी हालायचं. मी भावाला सांगून टाकलं होतं, की त्या दिवशी ताई नसतील, हॉलवर आईचं आपण दोघांनी बघायचं. तो "हो हो" म्हणाला होता.

शनिवारी मी दुपारी लवकर घरी आले. ताईंची निघायची वेळ झाली होती. त्या आईची साडी इस्त्री करत बसल्या होत्या आणि त्यांची पिशवी दाराच्या मागे खुंटीला तशीच होती.

"ताई, गाडी चुकेल की."

"आज जात न्हाई."

"म्हणजे?"

"दादांचा फोन आलता मंगळवारी. म्हणाले, रविवारी थांबा, हॉलवर तुम्हीच लागशिला. म्हटलं, थांबतो."

मला पहिल्यांदा खरंच कळलं नाही. मंगळवारी. म्हणजे चार दिवस हे ठरलेलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. माझ्या घरात, माझ्या आईला सांभाळणाऱ्या माणसाची सुट्टी माझ्या भावाने पुण्यात बसून फोनवरून काढून घेतली होती. मी तिथेच ताईंवर ओरडले. म्हटलं, तुम्ही मला का नाही सांगितलं? त्याला नाही का म्हटलं नाही? तुमचा रविवार आहे तो, आपलं ठरलेलं आहे!

ताईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"अक्का, राग आला तर येऊ दे, बोलतो. तुम्ही म्हणणार जा, दादा म्हणणार थांबा. तुम्ही भाऊ-बहीण, उद्या एका ताटात जेवणार. मधल्या मधी वाईट कोण हुणार? मी. तुमचं तुम्ही आधी ठरवा, अन् मग मला सांगा. मला दोन मालक नकोत."

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. मी भावाला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकर चालू ठेवला. भाऊ शुक्रवारीच कोल्हापुरात आला होता, पण उतरला होता सासुरवाडीला. आमच्या घरात औषधांचा वास येतो आणि त्याच्या मुलांना झोप लागत नाही.

"तू ताईंना थांबायला सांगितलंस?"

"हो अगं, तेच तुला सरप्राईज होतं!" तो आनंदाने म्हणाला. "आपण त्यांचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, चांगली साडी. मामांच्या हस्ते, स्टेजवर, सगळ्यांसमोर. मी भाषणात पण घेतलंय त्यांच्याबद्दल. किती बरं वाटेल त्यांना, विचार कर."

मी आयुष्यात पुष्कळ सत्कार बघितले आहेत. आपल्याकडे सत्काराला कारण लागत नाही. निवडून आला सत्कार, पडला सत्कार, रिटायर झाला सत्कार. पतसंस्थेत दर सभेला कुणाच्या तरी गळ्यात हार पडतो. पण ज्या माणसाचा सत्कार करायचा, त्याचाच दिवस त्यासाठी हिसकावून घ्यायचा, हा प्रकार मी पहिल्यांदाच बघत होते. माझं डोकं फिरलं.

"त्यांच्या गावची जत्रा आहे उद्या. लेक येणार आहे त्यांची."

"त्यांना लेक आहे?"

स्पीकरवरून हे ताईंनाही ऐकू जात होतं. ताई आईच्या पलंगाशी उभ्या होत्या, त्यांनी आईच्या केसांतून फणी फिरवायला सुरुवात केली.

"एका दिवसाचा प्रश्न आहे, अक्का. आणि त्या काय परक्या आहेत का? घरातल्याच आहेत."

"घरातल्या असत्या तर त्यांना लेक आहे हे तुला माहीत असतं!"

"बरं, बरं. पण मग हॉलवर आईला कोण बघणार?"

शाल आणि श्रीफळाच्या खाली हे होतं. मी म्हटलं, "आपण. तू आणि मी. आई आपली आहे." तो म्हणाला, मला ते जमत नाही ग. मी म्हटलं, मलाही जमत नव्हतं, आणि मला कुणी स्टेजवर बोलावून शिकवलं नाही. शेवटी मी त्याला सांगितलं, की फोन तू केला होतास, तेव्हा आता तूच त्यांना सांग. मी सांगणार नाही. त्या म्हणाल्यात की त्यांना दोन मालक नकोत.

"ताई," तो म्हणाला, आणि घसा साफ केला. "तुम्ही जा गावाला. इकडचं आम्ही बघतो."

"बरं दादा," ताई म्हणाल्या.

मी फोन ठेवला तेव्हा मला लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. एसटी चुकू नये म्हणून मी त्यांना गाडीवर घालून स्टँडवर सोडलं. वाटेत मी भावाला आणि सगळ्या खानदानाला शिव्या घालत होते आणि ताई पिशवी मांडीवर धरून मागे गप्प बसल्या होत्या. मला वाटलं, दमल्या असतील. एसटी लागलेलीच होती. त्या चढल्या, खिडकीतून हात केला. मलकापुरातून पुढे वडापच्या जीपने गावात पोचायला अंधार पडणार होता. मी घरी येताना चौकात थांबून आईच्या बोर्डाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आई, आज एक तरी काम नीट झालं.

रविवारचा कार्यक्रम व्हायचा तसाच झाला. आईला व्हीलचेअरवर बसवून स्टेजवर नेलं. स्पीकर दणदणत होता. बायका ताटं घेऊन ओवाळायला येत होत्या आणि दिव्यांचा जाळ तोंडाजवळ आला, की आई मान मागे घेत होती. कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण सगळ्या फोटोवाल्याकडे बघत होत्या. मग सूत्रसंचालन करणाऱ्या चुलतभावाने सत्काराची घोषणा केली. आमच्या मातोश्रींची पोटच्या लेकीप्रमाणे सेवा करणाऱ्या, वगैरे. पोटची लेक मी त्याच स्टेजवर आईची मान सावरत उभी होते. भाऊ घाईने पुढे झाला, माईक घेतला आणि म्हणाला, "काही अपरिहार्य कारणामुळे त्या आज येऊ शकल्या नाहीत."

अपरिहार्य कारण! मी त्याच्या हातातून माईक घेतला. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, पण रागात जमलं. म्हटलं, "कारण वगैरे काही नाही. त्या सुट्टीवर आहेत. रविवारी त्यांना सुट्टी असते, जशी तुम्हा सगळ्यांना असते. त्यांच्या घरी आज जत्रा आहे आणि त्यांची लेक माहेरी आली आहे." हॉलमध्ये दोन-तीन टाळ्या वाजल्या. काकूने पहिल्या रांगेत बसून शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि काय सांगितलं ते मला तिथूनही कळलं.

जेवणं चालू असताना आईला बदलायची वेळ झाली. नवरीला तयार करायची खोली असते तिथे आम्ही तिला नेलं. मी भावाला आत घेऊन दार लावलं. आईच्या खाली दुहेरी चादर घालून दोघांनी दोन टोकं धरून सरकवायचं असतं, ते त्याला सांगितलं. त्याने घाबरून नुसता हात ओढला. आई कळवळली. त्या बंद झालेल्या तोंडातून असा आवाज आला, की तो पांढराफटक पडला आणि भिंतीला टेकला. "मला नाही ग बघवत," म्हणाला. मी म्हटलं, बघू नकोस, उचल. उचललं त्याने. त्याचा नवा सदरा खराब झाला. बाहेर गेल्यावर मामा म्हणाले, "बघ, बाईला थांबवून घेतली असती तर ही वेळ आली असती का?" भावाने माझ्याकडे बघितलं आणि तो हात धुवायला गेला. मला तेवढंच पुरे वाटलं. त्या रात्री मी समाधानाने झोपले, इतकी मी मूर्ख.

सोमवारी सकाळी ताई नेहमीच्या गाडीने आल्या. पायांवर पाणी घेतलं, आईजवळ गेल्या, अंगावरची चादर काढून पाठ बघितली. मटणाचा डबा माझ्या हातात दिला. मी उत्साहाने विचारलं, "काय म्हणते लेक? खूश होती का? जावई काय म्हणाले?"

"आली न्हाईत."

"कोण नाही आलं?"

"दोघंबी."

आईच्या पाठीला पावडर लावता लावता त्यांनी सगळं सांगितलं. मंगळवारी दादांना हो म्हटल्यावर त्यांनी लगेच लेकीला फोन केला होता. मीच घरात नसणार, तर तू कुणासाठी यायचीस, येऊ नको म्हणून. जावयाने बदलून घेतलेली शिफ्ट परत दिली. शनिवारी संध्याकाळी भाऊ "जा" म्हणाला, तेव्हा जावई मागावर उभा राहायला निघालासुद्धा असणार. लेकीला एकटीला सासू पाठवत नाही, म्हणून ताईंनी तिला परत फोनही केला नाही. ताईंनी गावी जाऊन दिराच्या पावण्यांना मटण वाढलं.

"अहो, मग शनिवारी बोलायचं नाही का! मी एवढी भांडत होते, मी तुम्हाला गाडीवर—"

"तुम्ही विचारलासा न्हाई," ताई म्हणाल्या. रागाने नाही. "अन् तुम्ही एवढं भांडत हुतासा माझ्यासाठी. म्हटलं, आता काय सांगायचं."

मी तडक आतल्या खोलीत जाऊन भावाला फोन लावला. तो पुण्याच्या वाटेवर होता. मी त्याला सगळं सांगितलं. आवाज चढला होता, शेजारी ऐकत असतील तर ऐकू देत. तो शांतपणे ऐकत होता आणि मग म्हणाला, "अगं पण अक्का, आपण त्यांना सोडलं होतं की!"

सोडलं होतं! दावणीचं जनावर सोडतात तसं. मी म्हटलं, अरे, त्यांचा दिवस तुझा नव्हताच, मग तू सोडणारा कोण? तू मंगळवारी एक फोन केलास, दोन मिनिटांचा. त्या फोनने मलकापुराकडचं एक घर, इचलकरंजीतली एक खोली, एक माग, एका पोराची शिफ्ट, सगळं हलवलं, आणि तुला वाटतं शनिवारी दुसरा फोन केला की सगळं आपापल्या जागी परत जाऊन बसतं? तुझ्या पोराची परीक्षा असती, तर तू चार दिवस आधी कुणाला असं हलवू दिलं असतंस? तो म्हणाला, मी माफी मागतो त्यांची. आणि लगेच पुढे, "ती शाल आणि साडी तुझ्याकडेच राहिलीय बघ, पिशवीत. माझ्या वतीने दे त्यांना, म्हणजे बरं वाटेल." मी फोन कट केला. ती पिशवी त्याच दिवशी कुरिअरने त्याच्या पत्त्यावर परत पाठवली. पुढच्या वेळी कुणाचा तरी करील सत्कार.

बाहेर आले तेव्हा ताई आईला नाचणीची आंबील भरवत होत्या. आईच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळ येतो, तो त्या चमच्याच्या कडेने टिपत होत्या. माझा राग अजून उतरला नव्हता आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, या आठवड्यात तुम्हाला हवा तो दिवस घ्या, मी रजा टाकते, इचलकरंजीला जाऊन या. त्या म्हणाल्या, जावयाची या आठवड्यात दिवसपाळी, खोलीत सासू-सासरे, दोन दीर, तिथे जाऊन कुठं बसायचं अन् काय बोलायचं. जत्रेला यायचं ते वेगळं असतं.

"लेक रुसली का हो?"

"न्हाई. काल सांजच्याला फोन आलता तिचा." त्यांनी आईची हनुवटी पुसली. "मला विचारलं, आई, तुझ्या आजींचा वाढदिवस चांगला झाला का?"

"मग?"

"तिला काय म्हायती मी गावाला हाय म्हणून. मी म्हटलं, झाला, लई थाटात झाला."